विज्ञानकथेच्या हस्तलिखिताला टपाली खेळाची जोड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या वाचनालयांनी मुलांकडून विज्ञानकथांची हस्तलिखित नियतकालिके तयार करून घ्यावीत, अशी सूचना आपल्या पुरवणीत मध्यंतरी एका वाचकाने केली होती. सूचना रास्त आहे आणि खान्देशाला नवीही नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. पण रोज अंक काढणारे गुरुजी एकच. इतरांचा पहिला अंक हौसेने निघतो, दुसरा दिवाळीपर्यंत लांबतो आणि तिसऱ्याच्या वेळी संपादक साहित्य मागत दारोदार फिरतो. पुढच्या अंकावाचून कोणाचे अडलेलेच नसते, हे त्याचे खरे कारण. परदेशातल्या विज्ञानकथेच्या हौशी प्रकाशकांनी या दुखण्यावर साठ वर्षांपूर्वी उपाय काढला: अंकातच टपालाने खेळायचा, पटावर सैन्ये हलवण्याचा खेळ चालवायचा. खेळणाऱ्याचे सैन्य अडकून पडलेले असले की तो अंकासाठी संपादकाच्या मागे लागतो. वाचनालयांनी हस्तलिखित काढायचे तर असा खेळ घेऊनच काढावे, एवढेच आमचे म्हणणे. तो कसा चालवायचा हे कोणी मराठीत सांगत नाही, म्हणून पत्र लांबले आहे.

थोडा पूर्वेतिहास. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले आणि वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पत्तेही छापले. वाचक मग परस्परांना लिहू लागले. शिकागोच्या सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने १९३० साली काढलेले ‘द कॉमेट’ हे वाचकांनी हौसेने स्वतः काढलेल्या अशा पत्रकांपैकी पहिले मानतात. पुढे अॅलन कॅल्हॅमर यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपावर ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ रचला. कोणी छापेना, तेव्हा १९५९ साली त्यांनी स्वतःच ५०० संच काढले. (याच गृहस्थांनी नंतर पोस्टमनची नोकरी केली, हा योगायोगच म्हणायचा.) विज्ञानकथेच्या वर्तुळातले ब्रुकलिनचे जॉन बोर्डमन यांनी १९६३ साली ‘ग्राउस्टार्क’ या पत्रकातून हा खेळ टपालाने चालवायला घेतला. इंग्लंडात १९६९ साली डॉन टर्नबुल यांचे ‘अल्बियन’ आले. १९७० नंतर फ्लाइंग बफेलोसारख्या कंपन्या पैसे घेऊन टपाली खेळ चालवू लागल्या, पण तो धंदा झाला. वाचनालयाला त्याचा उपयोग नाही.

आता खेळ. सात खेळाडू, सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया, तुर्कस्तान. पटावर ७५ प्रांत आणि समुद्र. त्यांपैकी ३४ ठिकाणी रसद केंद्रे; १८ केंद्रे मिळवणारा जिंकतो. सुरुवातीला रशियाची चार आणि इतरांची तीन-तीन, अशी २२ केंद्रे वाटलेली असतात, १२ मोकळी. फासे नाहीत, पत्ते नाहीत. सगळे जण आपापले हुकूम लिहून देतात आणि ते एकाच वेळी अमलात येतात. प्रत्येक सैन्याचे बळ सारखे, एक. म्हणून समोर कोणी अडवले की पाठिंब्याशिवाय पुढे सरकता येत नाही आणि दुसऱ्याचा पाठिंबा मिळवायला पत्रे लिहावी लागतात. टपालासाठी हा खेळ आदर्श ठरला तो यामुळे. बुद्धिबळात दोन चालींमध्ये बोलण्यासारखे काही नसते. इथे सगळा खेळ मधल्या पत्रांतच असतो.

पंच, म्हणजे बहुतेक वेळा संपादकच, निकाल कसा लावतो ते एका उदाहरणाने सांगतो. फ्रान्सचा हुकूम (‘ल.’ म्हणजे लष्कर): ‘ल. पॅरिस – बर्गंडी, ल. मार्सेय, त्याला पाठिंबा’. जर्मनीचा: ‘ल. म्युनिक – बर्गंडी’. दोनास एक, म्हणून बर्गंडीत फ्रान्स शिरतो. पण त्याच फेरीत इटलीने ‘ल. पिडमाँट – मार्सेय’ असा हुकूम दिलेला असेल, तर मार्सेयवर हल्ला झाल्याने तिथला पाठिंबा तुटतो. मग पॅरिस आणि म्युनिक एकास एक, दोघेही जागच्या जागी आणि बर्गंडी रिकामी. इटलीला मार्सेय मिळत नाहीच, पण जर्मनीला दिलेला शब्द पाळला जातो. नवा पंच हमखास चुकतो तो याच्या पुढच्या पोटनियमात. ज्या प्रांतावर पाठिंबा रोखलेला आहे, तिथूनच हल्ला आला तर पाठिंबा तुटत नाही; पाठिंबा देणारे सैन्य पार उखडले गेले तरच तुटतो. म्हणून निकाल लावताना क्रम ठेवावा: आधी कोणते पाठिंबे तुटले ते पाहावे, मग बळाची बेरीज करावी, मग कोण हटले ते ठरवावे. समुद्रातून लष्कर वाहून नेण्याचे हुकूम असले तर वाहणारे आरमार हल्ल्याने उखडले गेले आहे का, ते सर्वांत आधी तपासावे. पट भिंतीवर लावून रंगीत टाचण्यांनी सैन्ये मांडली की डोळ्यांना चूक दिसते. नुसत्या यादीवरून निकाल लावू नये. छापण्यापूर्वी न खेळणाऱ्या दुसऱ्या माणसाने तपासावे. तरीही चूक राहिलीच तर पुढच्या मुदतीच्या आत दाखवली तरच दुरुस्ती, नंतर नाही, हा नियम पहिल्याच अंकात छापून टाकावा. नाहीतर खेळातल्या १९०३ सालच्या शरदातली चूक कोणीतरी १९०५ मध्ये उकरून काढतो.

हुकूम लिहिण्यात मराठीत काही खास अडचणी आहेत. लष्कराला ‘ल.’ आणि आरमाराला ‘आ.’ हे ठीक चालते. पण प्रांतांची नावे तोडून लिहिली की घोटाळा होतो. ‘लिव्ह.’ म्हणजे लिव्हरपूल की लिव्होनिया? ‘नॉर्.’ म्हणजे नॉर्वे की नॉर्वेजियन समुद्र? ‘टाय.’ म्हणजे टायरोलिया की टायऱ्हेनियन समुद्र? इंग्रजी पत्रकांतही याच जोड्यांनी भांडणे लावली. आपण नावे पूर्ण लिहायचा नियम करावा, चार अक्षरे जास्त लागतात एवढेच. स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन-दोन किनारे आहेत. अटलांटिकातून स्पेनला निघालेल्या आरमाराने उत्तर की दक्षिण ते लिहिले नाही तर ते आहे तिथेच राहते. ज्याचा अर्थ लागत नाही तो हुकूम ‘थांबा’ असा धरायचा. पंचाने दयेपोटी अर्थ लावायला जाऊ नये. एकावर दया केली की सहा जण रुसतात.

कागदाची शिस्त अशी. हुकुमाचा कागद वेगळा, पत्राचा वेगळा. कागदावर खेळाचा क्रमांक, सत्ता, हंगाम, वर्ष, तारीख आणि सही. मुदतीपूर्वी एकाच खेळाडूचे दोन कागद आले तर नंतरच्या तारखेचा धरायचा. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख पंचाने लगेच टाकायची आणि मुदत उलटल्यावरच सगळे एकदम फोडायचे. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख ग्राह्य धरू नये, कारण निम्म्या शिक्क्यांवर ती वाचताच येत नाही. वाचनालयात पोहोचल्याची तारीख धरावी.

अंकाला सर्वांत मोठा धोका हुकूम न येण्याचा. एकाचे हुकूम आले नाहीत की त्याची सगळी सैन्ये उभी राहतात आणि शेजाऱ्याला फुकट मुलूख मिळतो. पहिल्याच फेरीत असे झाले तर तो खेळ संपल्यातच जमा, कारण उरलेल्या सहा जणांची गणिते त्या एकामुळे बिघडतात. त्यासाठी तीन तजविजी कराव्यात. पहिल्या फेरीत सातही कागद हातात आल्याशिवाय निकाल लावू नये. प्रत्येकाने अंक मिळाल्याबरोबर कच्चे हुकूम पाठवून ठेवावेत, पक्के मागाहून. आणि एक-दोन राखीव खेळाडू यादीत असावेत; सलग दोनदा गैरहजर राहणाऱ्याची सत्ता राखीवाकडे जावी. राखीव खेळाडूला पडकी सत्ताच मिळते, म्हणून जुने खेळाडू टाळाटाळ करतात. नवशिक्यांना मात्र शिकायला ती उत्तम.

मुदत सहा आठवड्यांची ठेवावी. अंक सगळीकडे पोहोचायला एक आठवडा. एक पत्र आणि त्याचे उत्तर यांना मिळून दहा दिवस धरले तर दोन वेळा देवाणघेवाण व्हायला तीन आठवडे. हुकूम पोहोचायला एक आठवडा, निकाल आणि छपाईला पाच-सहा दिवस. खेळातल्या एका वर्षात वसंत आणि शरद अशा दोन फेऱ्या. खेळातले पहिले साल १९०१; १९०८ पर्यंत खेळ चालला तर १६ फेऱ्या, म्हणजे ९६ आठवडे. शरदाच्या निकालानंतर केंद्रे मोजून सैन्ये वाढवायची किंवा कमी करायची असतात. त्यासाठी स्वतंत्र मुदत देत बसू नये. ते हुकूम पुढच्या वसंताबरोबर मागवावेत, ‘अमक्याने आरमार बांधले तर माझी चाल ही, नाहीतर ती’ अशी जोड देण्याची मुभा ठेवून.

मुदतीच्या तारखा वर्षभराच्या एकदमच ठरवाव्यात आणि आपल्या पंचांगाकडे बघून ठराव्यात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी गावाला गेलेल्या असतात. श्रावणात कानबाईचा रविवार, मग पोळा, मग गणपती. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीला शाळकरी पोरेही शेतात असतात. हे टाळूनही वर्षात सात-आठ अंक आरामात बसतात. गावच्या बाजाराचा दिवस मात्र मुदतीला चांगला: तालुक्याला येणारा माणूस हुकूम हातोहात देऊन जातो.

पत्रांऐवजी मोबाइल का नको, असे कोणीही विचारील. मोठ्यांनी आपसात खेळताना खुशाल वापरावा. पण शाळकरी सातांपैकी दोघांच्याच हाती फोन असला तर युती त्या दोघांचीच होते. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना आहे. फक्त कट पोस्टकार्डावर रचू नये, ते घरात आणि वाचनालयात सगळे वाचतात. त्यासाठी अडीच रुपयांचे आंतरदेशीय पत्र घ्यावे. पूर्वीच्या पत्रकांत खेळाडूंचे घरचे पत्ते छापत. मुलांच्या बाबतीत ते करू नये. सगळी पत्रे ‘द्वारा वाचनालय’ यावीत.

आता प्रत्यक्ष अंक. पूर्वी सायक्लोस्टाइलला पर्याय नव्हता. आपल्याकडच्या लघुनियतकालिकवाल्यांनीही तेच यंत्र वापरले. मेणकागदावर रिबन काढून टंकलेखन करायचे, आणि टाइप फार जोरात बसला की गोल अक्षरांची पोटे गळून पडायची. त्याहून स्वस्त म्हणजे जिलेटिन-ग्लिसरीनचा ट्रे. त्यावर जांभळ्या शाईच्या पन्नासेक प्रती निघत. विज्ञानाचा प्रयोग म्हणून शाळेत तो करून दाखवण्यासारखा आहे, पण थंडीत. जळगाव-भुसावळच्या एप्रिलच्या उन्हात ट्रे नरम पडतो आणि अक्षर पसरते. रोजच्या कामाला झेरॉक्स बरी.

ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करावी आणि पाने बाराच ठेवावीत. हा आकडा वजनातून आला आहे. ७० जीएसएमचा ए-फोर कागद सुमारे ४.४ ग्रॅम भरतो. बारा पानांना तीन कागद, म्हणजे १३ ग्रॅम. पातळ लिफाफा पाच ग्रॅमचा, वर तिकीट आणि पिना. २० ग्रॅमपर्यंतचे साधे पत्र पाच रुपयांत जाते, त्यात हे बसते. सोळा पानांचे चार कागदच साडेसतरा ग्रॅम होतात. लिफाफ्यात घातले की पुढचा टप्पा लागतो. लिफाफ्याऐवजी कागदी पट्टी गुंडाळून २० च्या आत बसवता येते, पण पावसाळ्यात कागद ओल धरतो, काटा पुढे सरकतो आणि अंक नॉटपेड होऊन घेणाऱ्याच्या माथी पडतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एक तयार अंक तोलून पाहावा, मगच प्रती काढाव्यात.

बारा पानांची मांडणी करताना एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज १३ यायला हवी. पहिला कागद: बाहेर १२ आणि १, आत २ आणि ११. दुसरा: १० आणि ३, मागे ४ आणि ९. तिसरा: ८ आणि ५, मागे ६ आणि ७. सहा-सात ही मधली जोडी अखंड एका कागदावर येते, म्हणून नकाशा तिथेच टाकावा. नकाशात समुद्र काळाभोर भरू नये. घडीवर टोनर उखडतो आणि नेमका तिथला समुद्र नाहीसा होतो. आडव्या रेघा माराव्यात. रंगांवर अवलंबून राहू नये, झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा सारखेच करडे येतात. सत्तेचे आद्याक्षर लिहावे. संगणकावर जुळणी केली असेल तर दुकानात नेण्यापूर्वी पीडीएफ करून घ्यावी. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की रफार एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे. लांब हाताचा स्टेपलर नसेल तर थर्मोकोलवर अंक पसरून साध्या स्टेपलरने पिन टोचावी आणि मागून बोटाने नव्हे, चमच्याच्या पाठीने दाबावी.

बारा पानांत खेळाला चार पाने पुरेत. दोनात हुकूम आणि निकाल, दोनात नकाशा. उरलेल्या आठांत कथा, वाचकांची पत्रे आणि खेळातल्या बनावट बातम्या. या बातम्यांकडे दुर्लक्ष करू नये. हुकुमाच्या कागदाबरोबर खेळाडू आपल्या राजधानीहून आल्यासारखी चार ओळींची बातमी पाठवतो, ती छापतात. दुसऱ्याच्या राजधानीच्या नावाने खोटी बातमी देण्याची मुभा ठेवायची की नाही ते आधी जाहीर करावे. आमच्या मते ठेवावी, आणि अहिराणीतून आली तर दुधात साखर. जो मुलगा ‘कथा लिही’ म्हटल्यावर दोन महिने गप्प बसतो, तो झारच्या दरबारातली बातमी एका बैठकीत लिहितो. चौथ्या-पाचव्या अंकापासून त्याच बातम्या लांबत जाऊन कथा होतात. टोपणनावांनाही पूर्ण मोकळीक असावी. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, ती परीक्षकांनी कथेच्या गुणावर निवडली. खरी नावे वहीत पंचाकडे असली म्हणजे झाले.

वाचकांची पत्रे जशीच्या तशी छापू नयेत, कापावीत. पत्राच्या मध्येच संपादकाला उत्तर द्यायचे असेल तर ते दुहेरी कंसात द्यावे, ही जुनी रीत सोयीची आहे. वर्गणीचेही तसेच. जुन्या पत्रकांत पैसे हा अंक मिळवण्याचा शेवटचा मार्ग असे. अंकावर सविस्तर पत्र लिहा, कथा किंवा चित्र द्या, नाहीतर आपले पत्रक बदल्यात पाठवा, अंक मिळेल. पैसेच देणाऱ्याची रक्कम आगाऊ जमा धरून दर अंकाला खर्च वजा करायचा आणि लिफाफ्यावरच्या पत्त्याशेजारी शिल्लक लिहायची. ती शिल्लक वाचकाची आहे, संपादकाची नाही. अंक बंद पडला तर ती परत करायची आणि अर्धवट खेळ दुसऱ्या पंचाकडे सोपवायचे. हा दुसरा पंच खेळ सुरू होतानाच नावानिशी ठरलेला असावा. संपादकाची बदली, लग्न किंवा बारावी यांपैकी काहीतरी ९६ आठवड्यांत येणारच.

एका वाचनालयाला हे झेपत नसेल तर अनेकांनी मिळून करावे. अमेरिकेत १९३७ साली डोनाल्ड वॉलहाइम यांनी सुरू केलेल्या फॅन्टसी अॅमॅच्युअर प्रेस असोसिएशनची पद्धत भिशीसारखी आहे: प्रत्येक सभासद आपली पाने सर्वांना पुरतील इतक्या प्रतींत छापून एकाकडे पाठवतो, तो सगळ्यांचे एकेक घेऊन गठ्ठे लावतो आणि सर्वांना परत धाडतो. गठ्ठा तिमाही, आणि सभासदाला वर्षाला किमान आठ पाने देणे भाग. चोपडा, यावल, रावेर, पारोळा, शिरपूर, शहादा अशी बारा वाचनालये एकत्र आली आणि प्रत्येकाने दोन कागद दिले, तर गठ्ठा १०५ ग्रॅमचा होतो.

हाच खेळ खान्देशच्या नकाशावर का नको, असे मुले लगेच विचारतील. करावा, पण दुसऱ्या वर्षी. अशा नकाशात प्रत्येक सत्तेला साधारण तीन केंद्रे आणि जिंकायला निम्म्याहून एक जास्त, हे मूळ प्रमाण मोडू नये. तापीवर आरमार चालवायचा मोह टाळावा. पण सगळी लष्करेच राहिली तर दोन खिंडी अडवून बसणाऱ्याला हटवता येत नाही आणि खेळ कुंठतो. आशीरगडाची वाट एकट्या बऱ्हाणपूरच्या हाती दिली तर ती सत्ता कोणालाच पत्र लिहीत नाही, तिला गरजच नसते. म्हणून प्रत्येक सत्तेला बाहेर पडायला किमान दोन वाटा आणि दोन शेजारी हवेत. लळिंग, थाळनेर, सोनगीर ही केंद्रे सीमेवर ठेवावीत, घरात नव्हे.

शेवटी टपाल खात्याविषयी आपल्यामार्फत एक मागणी. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. वाचनालयांच्या गठ्ठ्याला ती अगदी योग्य होती. पण नियमित अंतराने निघणारी प्रकाशने तिच्यातून वगळली आहेत. म्हणजे जो अंक वेळेवर निघतो तोच अपात्र. स्पीड पोस्टला ५० ग्रॅमपर्यंतच बाहेरगावी ४७ रुपये अधिक कर पडतात. बारा गठ्ठ्यांना ते सर्वांत कमी अनुदानाच्या ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाला पेलणारे नाही. जाहिराती नसलेली, विक्रीला नसलेली, वाचनालयांनी आपसात वाटलेली हस्तलिखिते आणि त्यांच्या प्रती या अटीतून वगळाव्यात, असा पाठपुरावा आपल्या वृत्तपत्राने खान्देशातल्या खासदारांकडे करावा. तोवर गठ्ठ्याऐवजी बारा पानांचा अंक साध्या पत्राच्या दराने पाठवणेच परवडेल.

आपले,
काही वाचक
चोपडा, जि. जळगाव